एका खुणेचा अक्षरप्रवेश

संगणकावर, दूरचित्रवाणी संचावर, धुलाईयंत्रावर, फार काय, हल्ली पंख्याच्या रिमोटवरही एक खूण असते: माथ्यावर खाच असलेले वर्तुळ आणि त्या खाचेतून आत उतरलेली उभी रेघ. ज्याला कोणतीही लिपी वाचता येत नाही त्यालाही ती ओळखता येते, आणि तिची योजना झाली ती नेमकी त्याचसाठी. एका देशात बनलेले यंत्र पन्नास देशांत विकायचे, तर त्यावर 'चालू' आणि 'बंद' हे शब्द किती भाषांत छापणार? भाषेला वळसा घालावा म्हणून जी खूण जन्माला आली, तिलाच २०१६ साली अक्षरांच्या पंगतीत पान मांडले गेले. त्यासाठी तिला एक गोष्ट सिद्ध करावी लागली, ती अशी की वाक्य लिहिताना तिच्यावाचून माणसांचे अडते. हा विरोधाभास आम्हांला तपासून पाहण्याजोगा वाटतो. लेखन कशाला म्हणायचे आणि ते ठरवायचे कुणी, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न मराठी लिहिणाऱ्यांनाही परका नाही.

खुणेची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. यंत्रांवर वापरायच्या चिन्हांचे एक प्रमाणक आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, १९७३ साली प्रसिद्ध केले. आज ते ६०४१७ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यातली चार चिन्हे एका कुळातली आहेत. ५००७ ही नुसती उभी रेघ: चालू. ५००८ हे नुसते वर्तुळ: बंद. ५०१० हे अखंड वर्तुळात रेघ: एकच बटण, एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. आणि ५००९ हे खाच पडलेले वर्तुळ व त्यातली रेघ. रेघ म्हणजे द्विमान गणितातला १ आणि वर्तुळ म्हणजे ०, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते व ती लक्षात ठेवायला सोयीचीही आहे.

परंतु ५००९ चा मूळ अर्थ 'चालू' नव्हता आणि 'बंद'ही नव्हता. तो होता 'स्टँडबाय'; यंत्र वरवर निजलेले, पण आत थोडी वीज खेळती, हुकमाची वाट पाहत असलेले. वर्तुळ पुरते मिटलेले नाही, कारण मंडल पुरते तुटलेले नाही. ही बारकाई केवळ शब्दच्छल नव्हे. अखंड वर्तुळाचे बटण आणि खाचेच्या वर्तुळाचे बटण यांत जो फरक आहे, तो उघडलेल्या यंत्रात हात घालणाऱ्याच्या दृष्टीने जिवाशी गाठ घालणारा असू शकतो. जाणता वायरमन म्हणूनच बटणावर विसंबत नाही. तो आधी पिन काढतो.

लोकांनी मात्र हा भेद कधी मानला नाही. घरोघरी संगणक आले, त्यांच्या दर्शनी बटणावर खाचेचे वर्तुळ आले, आणि पाहणाऱ्याने त्याचा सरळ अर्थ लावला: यंत्र चालू-बंद करायचे ते इथून. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत ब्रूस नॉर्डमन आणि त्यांचे सहकारी या गोंधळाकडे वळले ते वीजबचतीच्या अंगाने. यंत्रागणिक शब्द निराळे, दिवे निराळे, खुणा निराळ्या; मग आपले यंत्र झोपले आहे की बंद आहे हेच माणसाला कळत नाही आणि वीज वाया जाते. त्या खटाटोपातून २००४ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे १६२१ क्रमांकाचे प्रमाणक निघाले. त्याने तीन अवस्था मानल्या: चालू, निद्रा आणि बंद. निद्रेसाठी चंद्रकोर दिली आणि खाचेच्या वर्तुळाचा अर्थ उघडपणे 'वीज' असा करून टाकला. शास्त्रापेक्षा रूढी बलवान, हे वैयाकरणांना ठाऊक होतेच. अभियंत्यांनीही ते लेखी मान्य केले. म्हणजे एका आकाराचे दोन अधिकृत अर्थ झाले, एक १९७३ चा आणि एक २००४ चा. पुढच्या कथेत या दुहेरी अर्थाला महत्त्व आहे.

आता बटणावरून कागदावर येऊ. यंत्राबरोबर माहितीपुस्तिका येते आणि तिच्या लेखकाला लिहायचे असते: 'संच सुरू करण्यासाठी अमुक कळ दाबा.' 'अमुक'च्या जागी काय लिहायचे? कळीवर शब्द नाही, खूण आहे. लेखक तिथे छोटेसे चित्र डकवतो, किंवा नुसत्या चिन्हांच्या एखाद्या फॉन्टातून ती खूण उचलतो, किंवा 'डाव्या कोपऱ्यातील गोल खुणेची कळ' असे लांबलचक वर्णन करतो. छापील पानावर यातले काहीही चालून जाते. पण मजकूर संगणकावर गेला की त्या वाक्यात भोक पडते. चित्र शोधयंत्राला सापडत नाही. वाक्य उचलून पत्रात घातले तर मधली खूण गळून पडते. अंध वाचकासाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली तिथे गप्प बसते, आणि 'संच सुरू करण्यासाठी कळ दाबा' असे निरर्थक वाक्य त्याच्या कानी पडते.

फॉन्टाच्या हिकमतीचे काय होते, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे आपण मराठी लिहिले ते बहुतांशी अशाच हिकमतीने. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा राडारोडा समोर यायचा. कारण फाइलीत मराठी अक्षर नव्हतेच. होता तो रोमन अक्षराचा क्रमांक, आणि त्याच्यावर चढवलेला देवनागरीचा मुखवटा. त्या काळातले दिवाळी अंक, हस्तलिखिते, संस्थांचे अहवाल आज उघडू पाहणाऱ्याला तो मुखवटा उतरल्यावर काय उरते ते ठाऊक आहे. आमच्यापैकी काहींनी अशी जुनी पाने पुन्हा अक्षरशः टंकून काढली आहेत.

युनिकोडने या दुखण्याच्या मुळाशी हात घातला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्याचा पायाभूत विचार असा: प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक क्रमांक आणि एक नाव, आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा नाही. 'क'चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५. तो कोणत्या वळणाचा दिसावा हे फॉन्टाने ठरवावे. तो 'क' आहे हे मात्र फाइलीतच लिहिलेले असते. म्हणजे युनिकोडमध्ये आकार जात नाहीत, ओळख जाते. ज्यांना अजून अशी ओळख लाभलेली नाही त्यांच्यासाठी एक खासगी वापराचा पट्टा राखून ठेवला आहे. तिथल्या क्रमांकांना आपापसात ठरवून वाटेल तो अर्थ द्यावा. आपली वीजखूण बरीच वर्षे त्या पट्ट्यात आश्रितासारखी राहिली. संकेतस्थळांवर चिन्हे पुरवणाऱ्या फॉन्ट ऑसमसारख्या संचांनी तिला तिथलाच एक क्रमांक दिला होता. दिसायला ठीक, पण त्या फॉन्टाबाहेर तिला कुणी ओळखत नव्हते.

मग तिला सरळ आत का घेतले नाही? कारण दारावरचा नियम असा की युनिकोड हा जगातल्या खुणांचा संग्रह नव्हे, तो लेखनातल्या अक्षरांचा संग्रह आहे. रस्त्यावरच्या पाट्या, कंपन्यांची बोधचिन्हे, यंत्रांवरचे ठसे, हे सगळे आत घ्यायचे तर अंत नाही. खूण किती ठिकाणी दिसते हा प्रश्नच नाही. ती शब्दांच्या रांगेत, ओळीत उभी राहते का, हा प्रश्न आहे. कोट्यवधी बटणांवर असणे हा पुरावा नव्हे, एका पुस्तिकेच्या एका वाक्यात असणे हा पुरावा. नियम म्हणून आम्हांला तो योग्य वाटतो. मात्र तो सर्वांना सारखा लागू झाला असे म्हणणे कठीण आहे.

ज्या वसाहतीत या खुणेला अखेर जागा मिळाली तिचे नाव 'संकीर्ण तांत्रिक चिन्हे' असे आहे, आणि तिथले शेजारी कोण कोण आहेत ते पाहण्यासारखे आहे. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या संगणकभाषेची सुमारे सत्तर चिन्हे तिथे आहेत. ती भाषाच मुळी चिन्हांनी लिहिली जाते, तेव्हा त्यांच्याविषयी तक्रार नाही. जपानी प्रमाणकातून आलेली दंतवैद्यांची चिन्हे आहेत. मॅकिंटॉशच्या कळफलकावरचे चार वेटोळ्यांचे चिन्ह आहे. ॲपलसाठी चित्रखुणा रेखणाऱ्या सूझन केअर यांना ते चिन्हांच्या एका कोशात सापडले होते. स्वीडनमध्ये ते पाहण्याजोग्या स्थळाची पाटी म्हणून वापरतात. युनिकोडमधले त्याचे नावही 'प्रेक्षणीय स्थळ' असेच आहे, संगणकाच्या कळीचा त्यात उल्लेख नाही. यांतले पुष्कळ जण जुन्या संकेतसंचांच्या वशिल्याने आत आले. आधीच्या कोणत्याही संचातला मजकूर युनिकोडमध्ये आणून परत नेता आला पाहिजे, ही त्या वेळची गरज होती, म्हणून जुन्या यादीत नाव असणे हेच प्रमाणपत्र ठरले.

या वशिल्याचा सर्वांत गमतीदार लाभार्थी म्हणजे २००२ साली गणिती चिन्हांच्या घाऊक भरतीत आलेले एक चिन्ह: काटकोन आणि त्यावरून खाली येणारा नागमोडी बाण. त्याच्या नावात नुसते आकाराचे वर्णन आहे, अर्थाचा एक शब्दही नाही. छपाईसाठी केलेल्या एका जुन्या यादीत ते होते, म्हणून ते घेतले गेले. कुठल्या गणितज्ञाला ते कशासाठी हवे होते हे भरतीच्या वेळी कुणी विचारले नाही. वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, एका जिज्ञासूने त्याचा माग काढायला घेतला आणि तो मोनोटाइप कंपनीच्या जुन्या खिळ्यांच्या याद्यांपर्यंत पोहोचला. ज्याचा अर्थ दारावर विचारला गेला नाही ते आत, आणि ज्याचा अर्थ पोरासोरांना ठाऊक ते बाहेर, अशी चौदा वर्षे गेली.

वीजखुणेची बाजू मांडायला कुणी सरकार किंवा उद्योगसमूह पुढे आला नाही. २०१३ मध्ये काही हौशी मंडळींच्या लक्षात आले की ही खूण युनिकोडमध्ये नाहीच. टेरेन्स ईडन आणि जो लॉफ्री ही त्यांतली ठळक नावे. त्यांनी तक्रार करीत न बसता अर्ज लिहायला घेतला. अर्जाचे मर्म होते पुराव्यात: ज्या पुस्तिकांमध्ये ती खूण ओळीच्या मध्ये, शब्दांच्या खांद्याला खांदा लावून छापलेली आहे अशी पाने जमवणे. दाराशी हवा असलेला पुरावा नेमका हाच. गंमत अशी, की ही पाने म्हणजे आधी सांगितलेल्या हिकमतींचेच नमुने होते. अनाम लेखकांनी आणि कंपॉझिटरांनी 'अमुक कळ दाबा' लिहिताना चित्राची जी ठिगळे लावली, तीच ठिगळे या खुणेच्या बाजूने साक्षीदार झाली. त्यांनी वर्णनाचा सोपा मार्ग पत्करला असता तर अर्जात दाखवायला काही उरले नसते.

अर्ज २०१४ च्या आरंभी दाखल झाला आणि युनिकोडच्या तांत्रिक समितीने तो त्याच वर्षी मान्य केला. मग आयएसओच्या समांतर प्रमाणकाचे सोपस्कार झाले, आणि जून २०१६ मध्ये नवव्या आवृत्तीत या चिन्हांना घर मिळाले. त्या आवृत्तीत एकूण ७,५०० नवी अक्षरे होती. त्यांत प्राचीन तांगुत लिपी होती, नेपाळची नेवा लिपी होती. वर्तमानपत्रांनी लिहिले ते मात्र ७२ नव्या इमोजींविषयी. असो.

समितीचा निवाडा तपशिलात पाहिला की त्यातली ओढाताण दिसते. खाचेचे वर्तुळ, अखंड वर्तुळातली रेघ, नुसती रेघ आणि चंद्रकोर, अशा चौघांना नवे क्रमांक मिळाले. उभी रेघ युनिकोडमध्ये आधी नव्हती असे नाही, कितीतरी होत्या. पण 'चालू' म्हणणारी रेघ निराळी मानली गेली. चंद्रकोरीही दोन होत्या, शुक्ल पक्षाची आणि कृष्ण पक्षाची. पण त्या आकाशातल्या, निद्रेची कोर वेगळी ठरली. 'बंद'च्या वर्तुळाच्या बाबतीत मात्र हा न्याय लागला नाही. जाड रेघेचे एक वर्तुळ २००९ मध्येच आत आले होते, तेच 'बंद'साठी चालवून घ्यावे असे ठरले. ते वर्तुळ आले होते जपानी प्रसारणाच्या चिन्हसंचातून, आणि तिथे त्याचा अर्थ होता नकाशावरची गावाची कचेरी. म्हणजे चौघा भावंडांना स्वतंत्र बिऱ्हाडे, आणि पाचवे जपानी ग्रामकचेरीत भाडेकरू! ओळख आकाराने ठरते की अर्थाने, या प्रश्नाला समितीने एकाच बैठकीत दोन उत्तरे दिली. आम्ही याला दोष म्हणणार नाही. वर्णमाला ठरवणाऱ्या कोणत्याही मंडळाच्या कारभारात अशी तडजोड सापडेल. पण वर्तुळाचे कुटुंब फुटले हे खरे.

येथे एका देशी खुणेची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी रेखलेले रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निघालेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत ते दाखल झालेसुद्धा. तीन महिनेही लागले नाहीत. तिथे वापराचा पुरावा कुणी मागितला नाही, आणि मागितला असता तर तो असणार कुठून? सार्वभौम सत्तेने ठरवले की हे चिन्ह लिहिले जाईल, आणि ते आश्वासन पुरेसे मानले गेले. यात अन्याय झाला असे आम्हांला म्हणायचे नाही, कारण चलनाचे चिन्ह लिहिले जाणार हे उघड होते. फरक फक्त टिपून ठेवावा असा आहे: राजमुद्रा असलेल्या खुणेला भविष्यकाळ चालला, आणि वीजखुणेला चाळीस वर्षांचा भूतकाळ वाक्यावाक्याने दाखवावा लागला.

राहिला नावाचा प्रश्न, आणि तो नाजूक होता. १९७३ च्या अर्थाने खाचेच्या वर्तुळाला 'स्टँडबाय' म्हणायचे, की २००४ च्या अर्थाने 'वीज'? युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव कधी बदलत नाही. दुसऱ्या आवृत्तीपासूनचा हा कायदा आहे. तो इतका कडक, की २००५ मध्ये एका चिनी-जपानी कंसाच्या नावात इंग्रजी 'ब्रॅकेट' शब्दाचे स्पेलिंग चुकले ते आजही तसेच चुकलेले आहे. बरोबर नाव शेजारी टीप म्हणून दिले आहे, इतकेच. तेव्हा या खुणेचे नाव जे ठेवले जाईल ते कायमचे. ठेवले गेले 'वीजचिन्ह', म्हणजे रूढीचा अर्थ वर बसला. तक्त्यात त्याखाली बारीक अक्षरांत दोन्ही कुळे नोंदवली आहेत: आयईसी ५००९ प्रमाणे स्टँडबाय, आयईईई १६२१ प्रमाणे वीज. वायरमनच्या कामाचा अर्थ टिपेत गेला.

टिपेत राहण्याचा अनुभव मराठीच्या खात्यावरही आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद ज्या आडव्या रफाराने होतो, तो लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये टिंब असलेल्या 'ऱ'चा आधार घ्यावा लागतो. भारतीय भाषांसाठी केलेल्या १९८८ च्या इस्की संकेतसंचावर युनिकोडची देवनागरी बेतली गेली, आणि 'ऱ' तिथे कशासाठी आहे याचे तक्त्यातले पहिले कारण म्हणजे द्राविडी भाषांतला एक वेगळा 'र' देवनागरीत उतरवणे. त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा पापणीसारखा रफार, हे त्यापुढे येते. वाऱ्या, दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या लिहिताना रोज लागणारी गोष्ट दुसऱ्याच्या घरातून फिरून यावी, हे वीजखुणेच्या भाडेकरू वर्तुळासारखेच झाले. शिवाय 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी दुसरी वाटही जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली आहे. त्यामुळे पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन 'वाऱ्यावर' शोधयंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द ठरू शकतात. आकार एक आणि ओळखी दोन, हा प्रकार कसा असतो ते आपण असे घरबसल्या पाहू शकतो.

खाचेच्या वर्तुळाचा क्रमांक दशमान पद्धतीने ९२११. फाइलीत तो सहसा तीन बाइटांत लिहिला जातो: २२६, १४३ आणि १८७. या तीन आकड्यांपलीकडे युनिकोडने कुणाला काही दिलेले नाही. रेखाटन ज्याचे त्याने करायचे. म्हणूनच २०१६ नंतरही पुष्कळ यंत्रांवर या खुणेच्या जागी रिकामा चौकोन दिसत राहिला. फॉन्टात आकार नसला की उमटणाऱ्या या चौकोनाला त्या व्यवसायातली मंडळी तोफू म्हणतात, आणि तोफू नको म्हणून गूगलने आपल्या फॉन्टकुळाचे नाव नोटो ठेवले. या लेखात आम्ही ती खूण एकदाही उमटवलेली नाही ती याच शंकेने. वाचकाच्या पडद्यावर चौकोन उमटला असता तर वर्णन करून सांगण्याची वेळ पुन्हा आलीच असती.

संकीर्ण तांत्रिक चिन्हांच्या त्या वसाहतीत एकंदर २५६ जागा. वीजकुळातले चौघे आले तेव्हा शेवटची एक रिकामी राहिली होती. ती २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत निरीक्षकाचा डोळा या चिन्हाने भरली. त्यानंतर आलेल्यांची सोय दुसरीकडे करावी लागली. २०२० मध्ये जुन्या घरगुती संगणकांची आणि टेलिटेक्स्टची दोनशेवर चिन्हे आली, तेव्हा त्यांच्यासाठी खूप पुढच्या क्रमांकांवर नवी वसाहत आखण्यात आली.